बहुधा मांजरच असेल

मी जुन्नर तालुक्यातला. आमच्या वस्तीच्या तीन बाजूंना ऊस आहे आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. रस्त्यापलीकडे पुन्हा ऊस. या उसात बिबट्या आहे की नाही, यावर आमच्याकडे वाद होत नाही. तो आज कुठल्या बाजूच्या उसात आहे, यावर होतो. त्यामुळे लेकीने सहा महिने इंग्लंडला राहायला बोलावलं, तेव्हा नातवाची ओढ वगैरे सगळं होतंच. पण मनातल्या मनात मी एक वेगळाच हिशेब केला होता. सहा महिने संध्याकाळी सातनंतर अंगणात खुर्ची टाकून निवांत बसता येईल.

लेक डेव्हन परगण्यातल्या एका खेड्यात राहते. मेंढ्या, पाऊस आणि घट्ट साय, ही तिथली तीन मुख्य पिकं. पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी मी घरामागच्या हिरवळीवर खुर्ची टाकली. उन्हाळ्यात तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे निवांतपणाचे अडीच तास वरकड. कुंपणापलीकडे शेजारचे साहेब गुलाबांना पाणी घालत होते. पंच्याहत्तरीचे गृहस्थ, जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेला. रामराम झाला, हवेबद्दल बोलून झालं, मग त्यांनी झारी खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "बसा खुशाल, पण पाठ भिंतीकडे असू द्या. इकडे एक मोठं काळं मांजर फिरतं. बिबट्याच म्हणा ना."

मी घरात जाऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "इथंही? मग विमानाचं एवढं भाडं कशाला भरलं?"

जावयांनी आम्हाला समजावून सांगितलं. इंग्लंडातले लांडगे शेकडो वर्षांपूर्वीच संपले, अस्वलं त्याच्याही आधी. आज ब्रिटनच्या जमिनीवर उरलेला सगळ्यात मोठा मांसाहारी प्राणी म्हणजे बॅजर. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, पाय आखूड, चाल जड. आणि हा जंगलचा राजा मुख्यतः गांडुळं खातो. ज्या देशाच्या राजमुद्रेवर सिंह, फुटबॉलच्या बनियनवर सिंह, त्या देशाच्या रानात हे असं. तरीही गावोगावच्या पोलिसांकडे दरवर्षी फोन येतात. कुणाला बिबट्या दिसतो, कुणाला प्यूमा, कुणाला लिंक्स, एखाद्याला थेट सिंह.

पुढच्या सहा महिन्यांत मी अशा बऱ्याच जबान्या ऐकल्या. गावचा पब म्हणजे तिकडची चावडी. मी सफरचंदाचा रस पीत कोपऱ्यात बसायचो आणि लोक आपापले वाघ सांगायचे. चाळीस वर्षं शाळेत निबंध तपासल्यामुळे माझ्या एक गोष्ट लगेच लक्षात आली. सगळ्यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं होतं. प्राणी काळा असतो. लॅब्राडोर कुत्र्यापेक्षा मोठा असतो. शेपूट लांब असतं. अंतर दोनशे यार्ड आणि वेळ तिन्हीसांजेची. तो एकदा वळून पाहतो, कुंपण ओलांडतो आणि नाहीसा होतो. फोन नेमका गाडीत राहिलेला असतो. कधी हातात असलाच, तर फोटो येतो. फोटोत हिरवं शेत असतं, शेतात ठिपका असतो आणि ठिपक्याभोवती लाल वर्तुळ. वर्तुळ पाहिलं की आपणही म्हणतो, वाघच आहे. वर्तुळ पुसलं तर तीच खताची फाटकी गोणी असू शकते.

आमच्याकडच्या जबान्या याच्या अगदी उलट. परवाच वाघ पाहिलेल्या आमच्या वाटेकऱ्याला मी विचारलं, "केवढा होता रे? शेपूट किती लांब?" तो म्हणाला, "गुरुजी, मी शेपूट बघाया थांबलो असतो, तर तुम्ही हे कुणाला इचारलं असतं?"

साहेबांचा मात्र अभ्यास दांडगा होता. त्यांनी मला चहाला बोलावून सगळा इतिहास सांगितला. १९८३ साली त्यांच्या शेजारच्या एक्समूर पठारावर एका शेतकऱ्याच्या मेंढ्या मरू लागल्या. तीन महिन्यांत शंभरावर गेल्या, असं त्याचं म्हणणं. सरकारने काय करावं? ज्या रॉयल मरीन्सनी आदल्याच वर्षी फॉकलंड बेटांवर लढाई मारली होती, त्यांचे नेमबाज पाठवले. जवान बंदुका रोखून माळावर रात्र-रात्र पडून राहिले. काहींना काळं, दांडगं काहीतरी दिसलं म्हणतात, पण गोळी झाडायची संधी एकालाही मिळाली नाही. मला आमचा पिंजरा आठवला. आमच्याकडे पिंजरा मागायचा तर अर्ज, मग अर्जाची आठवण, मग आठवणीचा अर्ज. तो येतो तोवर बिबटीण पिल्लांसकट दुसऱ्या गावात राहायला गेलेली असते. मेंढ्यांसाठी कमांडो, ही कल्पनाच मला काही काळ पेलेना.

"पण बिबट्या मुळात आला कुठून?" मी विचारलं.

साहेबांनी बिस्किट बुडवलं. "दुकानातून," ते म्हणाले.

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडतंय. पण ते खरंच होतं. १९६९ साली लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानात सिंहाचा छावा विकायला होता. दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो अडीचशे गिनींना घेतला, ख्रिश्चन असं नाव ठेवलं आणि चेल्सी भागात फर्निचरच्या दुकानात पाळला. तो मोटारीत बसून हिंडायचा आणि चर्चच्या आवारात चेंडू खेळायचा. पुढे अंगाने भरला तेव्हा त्याला केनियात पोचवला. त्याचं नशीब थोर. पण त्या काळात वाघ-बिबटे पाळणारे ते दोघेच नव्हते. मग १९७६ साली धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा आला. परवाना काढा, विमा उतरवा, पक्का पिंजरा बांधा. तेव्हा म्हणे कितीतरी हौशी मालकांनी रात्रीच्या वेळी मोटारीचं मागचं दार एखाद्या माळरानावर उघडलं आणि म्हणाले, जा बाबा. मांजराची पिल्लं पोत्यात घालून लांब सोडून येण्याची आपली रीत, फक्त माप मोठं.

ही सगळी नुसती कथा, असंही म्हणता येत नाही. १९८० साली स्कॉटलंडमध्ये एका शेतकऱ्याने सापळा लावला आणि त्यात सकाळी खरोखर प्यूमा सापडली. जिवंत, अस्सल. गाव घाबरलं. पण बाई चांगल्या खात्यापित्या घरच्या निघाल्या. माणसाळलेल्या इतक्या, की गुदगुल्या केल्या की खूश होऊन घुरघुरायच्या. तिचं नाव फेलिसिटी ठेवलं, पुढची वर्षं तिने प्राणिसंग्रहालयात काढली आणि आता पेंढा भरून इन्व्हरनेसच्या संग्रहालयात आहे. ज्या श्वापदाला पाहून लोकांनी दारं लावून घेतली, ते बहुधा दार उघडण्याचीच वाट पाहत होतं.

या एका फेलिसिटीच्या जोरावर पुढे शेकडो ठिपक्यांना वाघाचा दाखला मिळाला. शेजारच्या कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन माळावरच्या श्वापदाचा तर एवढा बोभाटा झाला, की १९९५ मध्ये सरकारच्या शेतकी खात्याने रीतसर चौकशी केली. चौकशीची पद्धत मला मास्तर म्हणून फार आवडली. लोकांनी ज्या ज्या जागी श्वापदाचे फोटो आणि चित्रफिती काढल्या होत्या, तिथे अधिकारी मोजपट्टी घेऊन गेले. प्राणी ज्या भिंतीवर बसला होता ती भिंत मोजली, ज्या फाटकापाशी उभा होता ते फाटक मोजलं. त्रैराशिक मांडलं. एका भयंकर श्वापदाची उंची आली बारा इंच. थोडक्यात, मांजर. अहवालात लिहिलं, की श्वापद असल्याचा पुरावा मिळत नाही. आणि पुढे सरकारी शाईने जोडलं, की नसल्याचंही सिद्ध करता येत नाही. हे वाक्य जगातल्या कुठल्याही कचेरीत चालेल.

अहवालाला आठवडा होतो न होतो, तोच त्या भागातल्या फॉवी नदीत एका मुलाला कवटी सापडली. सुळे चांगले लांब. कवटी लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेली. तज्ज्ञांनी सांगितलं, बिबट्याचीच आहे. कॉर्नवॉलकरांनी टोप्या उडवल्या असतील. पण तज्ज्ञांचं वाक्य अर्धंच झालं होतं. कवटीच्या आत झुरळाच्या अंड्यांची पुडी होती आणि ते झुरळ उष्ण प्रदेशातलं, इंग्लंडच्या थंडीत न राहणारं. मागचं हाडही कापलेलं. म्हणजे हा बिबट्या इंग्लंडात आला तो चालत नव्हे, तर दिवाणखान्यात अंथरायचं कातडं होऊन. कुणाच्या बंगल्यातल्या शिकारीच्या गालिच्याचं मुंडकं नदीत गेलं होतं. हे ऐकून मी साहेबांकडे पाहिलं. हे कातडं कुठून आलं असेल, असा विचार आम्हा दोघांच्याही मनात एकाच वेळी आला आणि आम्ही दोघांनीही चहाचा घोट घेतला.

ही अंधारातल्या बिबट्यांची गोष्ट झाली. उजेडातल्या प्राण्यांची त्याहून बहारीची. २०१२ च्या ऑगस्टमधला रविवार, जोडून सोमवारची सुट्टी. एसेक्स परगण्यातल्या सेंट ओसिथ गावाजवळ सहलीला आलेल्या लोकांना शेतात सिंह दिसला. पोलीस आले, नेमबाज आले, आकाशात हेलिकॉप्टरं आली, कोल्चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयातले जाणकार भूल द्यायच्या बंदुका घेऊन आले. आणि अर्थातच पहिल्यांदा संग्रहालयाला विचारलं गेलं, तुमच्यातला कुणी कमी आहे का? त्यांनी हजेरी घेतली. पटावरचे सगळे सिंह उपस्थित. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मला हे एकदाही साधलं नव्हतं.

चोवीस तासांत शोध थांबला. खर्च झाला सुमारे पंचवीस हजार पौंड. मग तिथल्याच एका घरातून आवाज आला, की तो बहुतेक आमचा बोका असावा. मेन कून जातीचा, केसाळ, तांबूस, दांडगा. नाव टेडी बेअर. सिंह समजून ज्याच्यावर बंदुका रोखायच्या होत्या, त्याचं नाव अस्वल आणि जात मांजर.

आदल्या वर्षी, म्हणजे मे २०११ मध्ये, हँपशायर परगण्यातल्या हेज एंड गावी याहून वरचढ प्रकार झाला होता. शेतात पांढरा वाघ बसलेला. लोकांनी कॅमेऱ्याच्या झूममधून पाहून खात्री केली. पोलीस आले, जवळचं गोल्फचं मैदान मोकळं केलं, शेजारी चाललेला क्रिकेटचा सामना थांबवला. पावसाने खेळ थांबण्याची इंग्लंडात परंपराच आहे. पण वाघामुळे खेळ थांबल्याची नोंद धावफलकाच्या वहीत कुठल्या रकान्यात करतात, हे मला कुणी सांगू शकलं नाही. पोलीस दबकत पुढे सरकले. वाघ हलेना. वर हेलिकॉप्टर आलं, त्यातल्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात वाघाच्या अंगात ऊबच दिसेना. आणि तेवढ्यात हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने वाघ आडवा झाला आणि गडगडत गेला. जत्रेत मिळतो तसला, कापूस भरलेला, पण अंगापिंडाने खऱ्या वाघाएवढा. पोलिसांनी त्याची रीतसर नोंद केली: सापडलेली हरवलेली वस्तू.

याला इंग्रजांचा भाबडेपणा म्हणून सोडून द्यावं, तर बाकीचा युरोपही मागे नाही. जुलै २०२३ मध्ये बर्लिनच्या सीमेवर क्लाइनमाख्नो गावात रात्री कुणीतरी सिंहिणीची चित्रफीत काढली. शंभरावर पोलीस, हेलिकॉप्टरं, शिकारी, पशुवैद्य; लोकांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि पाठीच्या वळणावरून सांगितलं, रानडुक्कर आहे. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या क्राकोव शहरात एका बाईंनी प्राणिरक्षकांना फोन केला. समोरच्या झाडावर दोन दिवस एक प्राणी बसून आहे, घोरपडीसारखा, तपकिरी. तो आत येईल म्हणून शेजारीपाजारी खिडक्या उघडत नाहीत. रक्षक आले. प्राण्याला डोकं नव्हतं, पायही नव्हते. तो क्रोसाँ होता. बहुधा कुणी पक्ष्यांसाठी टाकलेला पाव. एवढ्या शांत स्वभावाचं जनावर त्यांनी आधी कधी सोडवलं नसेल.

गंमत अशी, की इंग्लंडच्या रानात परदेशी प्राणी खरोखर आहेत, फक्त त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात कॅप्टन ब्रॉकलहर्स्ट नावाच्या जमीनदाराने १९३० च्या दशकात खासगी प्राणिसंग्रह केला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्यातले काही वॉलबी, म्हणजे कांगारूंचे धाकटे भाऊबंद, निसटले. सोबत एक याकही गेला. वॉलबी त्या थंडी-बर्फात अर्धं शतक टिकले, त्यांना पोरंबाळं झाली. आइल ऑफ मॅन बेटावर संग्रहालयातून पळालेल्या वॉलबींचे वंशज आज शेकड्यांनी हिंडतात. आता कल्पना करा, हे ठाऊक नसलेला एक सरळमार्गी माणूस रात्री मोटार चालवतोय आणि समोरून रस्ता ओलांडून कांगारू उड्या मारत जातो. तो पोलिसांना फोन करणार, आणि पोलीस पहिला प्रश्न विचारणार, आज किती घेतली? त्या याकाचं तर मला वाईटच वाटतं. धुक्यातून याक आलेला पाहिलेल्या माणसाने ते कुणाला सांगितलं असेल? मला वाटतं, बायकोलासुद्धा नाही. कापसाच्या वाघाला हेलिकॉप्टर मिळतं आणि खऱ्या याकाला साक्षीदारही मिळत नाही.

आपल्याकडेही हे एकदा घडलं. एप्रिल २०२२ मध्ये पश्चिम बंगालमधल्या जलपायगुडीच्या बाजूला रस्त्याकडेला चक्क कांगारू दिसले. लोकांनी फोनवर चित्रण केलं आणि ज्याला पाठवलं त्याने विचारलं, हे कुठल्या सिनेमातलं? ते चोरट्या व्यापारातून आलेले बिचारे जीव होते. भुकेले, जखमी. वनखात्याने त्यांना उचललं. हसायला आलेलं तिथे ओठातच राहतं. पळालेला प्राणी दिसतो मजेशीर, पण त्याच्यामागे कुणीतरी पिंजरा बांधलेला असतो.

हिचा मात्र या सगळ्या परदेशी प्राण्यांशी वेगळाच सलोखा जमला. लंडनमध्ये लेकीच्या मैत्रिणीकडे गेलो होतो, तेव्हा रिचमंडच्या बागेत ही एकदम थांबली. "अहो, राघू!" खरंच, ओकच्या झाडावर हिरवेगार राघू आपल्या अंगणातल्यासारखे कलकलत होते. गळ्याला तीच लाल-काळी कंठी. लंडनच्या आसपास हे हजारोंनी आहेत. जिमी हेंड्रिक्स या गिटारवाल्याने १९६० च्या दशकात एक जोडी सोडली आणि त्यापासून सगळे झाले, ही तिथली लाडकी दंतकथा. २०१९ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी नकाशावर मांडून तपासलं, तेव्हा त्या कथेला काही आधार मिळाला नाही. वर्षानुवर्षं कुणाकुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेल्या पाळीव राघूंनीच संसार थाटले होते. त्यांचं मूळ उत्तर भारत आणि पाकिस्तानाकडचं. ही झाडाखाली उभी राहून त्यांच्याशी मराठीत बोलली. माझ्या मते त्यांना कळलं. व्हिसा किती महिन्यांचा, असंही तिने विचारलं, पण त्यांनी विषय बदलला.

माकडाच्या बाबतीत मात्र तिने दया दाखवली नाही. हिचं माहेर कोकणातलं, राजापूरकडचं. जानेवारी २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या हायलँड वन्यजीव उद्यानातून होन्शू नावाचं एक जपानी माकड पळालं होतं. पाच दिवस त्याच्या मागावर माणसं, उष्णता टिपणारे ड्रोन, दररोजच्या बातम्या. शेवटी ते एका घराच्या बागेत पक्ष्यांसाठी ठेवलेलं यॉर्कशायर पुडिंग खाताना दिसलं आणि भुलीचं इंजेक्शन देऊन धरलं. लेकीने हे कौतुकाने सांगितलं. ही ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एक माकड?"

"हो ग आई, एकच."

"आणि पाच दिवस?" हिने पदर खोचला. "आमच्या परड्यात सकाळच्या चहाला तीस येतात. नारळ काढतात, कौलं काढतात आणि माडाचे कवाथे मुळापासून उपटतात. दादा गोफण मारून मारून हातात दुखणं घेऊन बसलाय. त्या ड्रोनवाल्याचा फोन नंबर घे."

सप्टेंबरमध्ये माझ्या परदेशवारीतला मानाचा आणि मानहानीचा प्रसंग एकाच दिवशी घडला. पाऊस पडून गेला होता. ओढ्याकाठच्या चिखलात कुणालातरी मोठा ठसा सापडला. गावात कुणकुण झाली आणि साहेब चार-पाच जणांना घेऊन आमच्या दारात आले. मी बिबट्यांच्या मुलखातला. माझ्याइतका जाणकार अख्ख्या परगण्यात कुठून मिळणार? लेकीने मला तिचे गमबूट दिले. मी पुढे, मंडळी मागे, अशी वरात निघाली.

ठसा खरंच मोठा होता. मी उकिडवा बसलो. मंडळी श्वास रोखून उभी. आता आमच्याकडे हे पोरासोराला ठाऊक असतं: मांजरकुळातला प्राणी चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याची उमटतात. इथे बोटांपुढे चार टोकं स्वच्छ उमटली होती. मी उभा राहिलो, चष्मा पुसला आणि म्हणालो, "कुत्रं आहे. अंगाने बरंच थोराड."

कुणी काही बोललं नाही. एका बाईंचा काळा कुत्रा तेवढ्यात पुढे आला, ठसा हुंगला, शेजारी पाय ठेवून बरोबर तसाच दुसरा ठसा उमटवला आणि शेपूट हलवत निघून गेला. त्याच्याकडे कुणीही पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. त्या संध्याकाळी पबमध्ये माझ्या टेबलावर कुणी आलं नाही.

ही म्हणाली, "काय गरज होती? चाळीस वर्षं पोरांचे पेपर तपासलेत, आता त्यांचा वाघही तपासलात. आणि नापास केलात."

रात्री मी त्या चेहऱ्यांचा विचार करत पडलो. त्यांना वाघाची भीती नव्हती, वाघ नसल्याची होती. आखीव कुंपणं, कापलेली हिरवळ, वेळेवर येणारी बस, आणि रानात गांडूळ खाणारा राजा. एवढ्या बिनधोक मुलखात माणसाला कधीतरी वाटतच असेल, की कुंपणाच्या पलीकडे आपल्याला न विचारता काहीतरी हिंडत असावं. आमचं नेमकं उलटं. आमच्या पलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांमध्ये आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले होते. २०१३ साली निष्कर्ष छापून आले: जंगल नाही, नुसती शेती आणि वस्त्या, तरी शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच बिबटे. कॅमेऱ्यांना ते दिसले. शेजारून जाणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना कधी दिसलेच नव्हते. इंग्लंडातल्या माणसांना दिसतात, पण कॅमेऱ्यांना सापडत नाहीत. ज्याच्याकडे वाघ नाही त्याला तो दिसावा असं वाटतं, आणि ज्याच्याकडे आहे त्याला वाटतं, असू दे बाबा, पण दिसू नको. आमच्याकडे त्यासाठी वाघोबाचं देऊळ बांधून नैवेद्य दाखवतात. कारण आमच्या बाजूला हे सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लेकरं गेलेली घरं आहेत. शेतीपंपाला वीज रात्रीची, आणि दारं धरायला गेलेला माणूस परत येईपर्यंत घरातली बाई जागी असते.

निघताना साहेबांनी माझा राग सोडला. कुंपणावरून हात मिळवून म्हणाले, "गावी गेल्यावर खरा ठसा दिसला तर फोटो पाठवा. एकदा पाहायचाय."

ऑक्टोबरात घरी आलो. चौथ्या रात्री कुत्रं एकदम भुंकायचं थांबलं. भुंकणारं कुत्रं आम्हाला झोपू देतं; गप्प झालेलं देत नाही. सकाळी फाटकाच्या आतल्या बाजूला, नळाच्या ओल्या मातीत, ठसा. गोल, भरीव, वाटीएवढा. नखं नाहीत. मी शेजारी बॅटरी आडवी ठेवून माप दिसेल असा फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. हात थोडा थरथरत होता, पण फोटो स्वच्छ आला. त्यात लाल वर्तुळाची गरज नव्हती.

दिवसभर उत्तर आलं नाही. संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला. साहेबांनी सविस्तर लिहिलं होतं. ठसा फार सुंदर आहे. नखं नाहीत, हे तुम्ही शिकवल्यामुळे मी लगेच ओळखलं. म्हणजे मांजरकुळातलाच. पण तुम्ही आणि सौभाग्यवतींनी मुळीच घाबरू नये. १९९५ च्या आमच्या सरकारी चौकशीचा अनुभव असा, की नीट मोजून पाहिलं तर प्राणी वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो. बहुधा मांजरच असेल.

मी ओट्यावर उभा राहून ते दोनदा वाचलं. पलीकडे उसाचं पातं हललं. वारा नव्हता.

"काय म्हणतात साहेब?" हिने आतून विचारलं.

"मांजर आहे म्हणतात."

"बरं," ही म्हणाली. "दूध सकाळी ठेवू त्याला. तुम्ही आधी आत या आणि दार लावा."